फटका मारल्यावर काठी कुठे जाते

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या प्लाझा इंडिपेन्डेन्सिया या बागेत, सान पेद्रो किल्ल्याच्या दगडी तटाजवळ, आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला आमचा एस्क्रिमाचा, म्हणजे तिथल्या काठीच्या युद्धकलेचा, वर्ग भरत असे. वैद्यकीय शिक्षणासाठी मी त्या शहरात राहत होते. वर्गात आम्ही सहा-सात जण होतो आणि शिक्षक सत्तरीला टेकलेले होते. बाहेरचे लोक त्यांना ‘गुरो’ म्हणत, जो आपल्या ‘गुरु’ या शब्दाचाच तिकडे गेलेला अवतार आहे. आम्ही मात्र त्यांना ‘नोंग’ म्हणत असू, कारण सेबूच्या भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला तशीच हाक मारतात, आणि ते मला ‘दाय’ म्हणत, कारण वयाने लहान मुलीला तिथे तशी हाक मारतात. ते फारसे बोलत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हाती वेताची एक काठी दिली, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा एक तिरका फटका हवेत मारून दाखवला आणि मी तो मारल्यावर एवढेच म्हणाले, ‘बालिक’.

सेबुआनो भाषेतला हा शब्द मराठीतल्या ‘परत’सारखाच दुहेरी आहे. ‘पुन्हा कर’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘माघारी आण’ असाही. पहिले दोन महिने मी त्याचा पहिलाच अर्थ घेतला आणि तोच फटका शेकडो वेळा मारत राहिले. नोंग बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाने बोलत होते, हे फार उशिरा माझ्या लक्षात आले. या विद्येचे प्राथमिक पॅटर्न शिकताना जे काही मला खरोखर शिकायला मिळाले, ते सगळे त्या दुसऱ्या अर्थाशी जोडलेले आहे, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते.

ज्यांना हा प्रकार अगदीच अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. फिलिपिन्समधल्या या युद्धकलेला तीन नावे आहेत. ‘आर्निस’ हे नाव चिलखतासाठी असलेल्या स्पॅनिश ‘आर्नेस’ या शब्दावरून आले, ‘एस्क्रिमा’ हे तलवारबाजी या अर्थाच्या ‘एस्ग्रिमा’वरून आले आणि ‘काली’ हे नाव परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अधिक रुळलेले आहे. ११ डिसेंबर २००९ रोजी प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९८५० अन्वये आर्निस ही त्या देशाची राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय क्रीडाप्रकार म्हणून जाहीर झाली. सेबूत मात्र कायद्याच्या कितीतरी आधीपासून ही विद्या गल्लोगल्ली नांदत होती. माझ्या खोलीपासून जीपनीने, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाडीने, थोड्याच अंतरावर असलेल्या लाबांगॉन या वस्तीच्या नावाने १९२० मध्ये एक फेन्सिंग क्लब निघाला होता; तो मोडल्यानंतर १९३२ मध्ये ‘दोसे पारेस’ ही संस्था उभी राहिली, आणि १९५२ मध्ये वेनान्सिओ बाकोन यांनी वेगळी वाट धरून ज्या रस्त्यावर शिकवायला सुरुवात केली त्या बालिन्तावाक रस्त्याचेच नाव त्यांच्या पद्धतीला मिळाले. समोरच्या माक्तान बेटावर २७ एप्रिल १५२१ रोजी लापुलापू या स्थानिक सरदाराच्या माणसांनी मॅगेलन या दर्यावर्दीला मारले, तेही एस्क्रिमाच्या काठीने, असे तिथे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. त्या लढाईत हजर असलेल्या पिगाफेत्ताच्या वृत्तांतात मात्र बांबूचे भाले आणि रुंद पात्याची तलवार आहे, त्यामुळे मी स्वतः ते श्रेय काठीला देत नाही.

काठी वेताची असते. आपल्याकडे वेत म्हटला की जुन्या शाळेतली छडी आठवते. ही काठी तिच्यापेक्षा पुष्कळ जाड, साधारण १ इंच व्यासाची आणि २८ इंच लांबीची असते. सेबूत तिला ‘ओलिसी’ म्हणतात. वेत बांबूसारखा पोकळ नसून आतून भरीव आणि तंतुमय असतो, त्यामुळे वेताची काठी फुटून तिच्या चिरफळ्या उडत नाहीत; ती फटके खाऊन हळूहळू पिंजत जाते आणि वरची चकचकीत साल निघाल्यावर आतले धागे दिसू लागतात. दोन ताज्या काठ्या जोरात एकमेकींवर आदळल्या की क्षणभर जळका वास येतो. पहाटेच्या खाऱ्या हवेत येणारा तो वास मला आजही त्या बागेत नेऊन सोडतो.

काठी अगदी टोकाला धरायची नसते. खाली मूठभर भाग मोकळा ठेवून ती धरतात आणि त्या मोकळ्या टोकाला ‘पुन्यो’ म्हणतात. अंगठ्याने मूठ बंद करायची, पण आवळायची नाही. फटका लागण्याच्या क्षणीच तेवढी घट्ट करायची. हे सांगणे सोपे असले तरी भीती वाटली की हात आपोआप आवळतो. पहिल्या महिन्यात माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर सतत ठणका लागे, आणि मनगट मागे ओढणारे स्नायू नेमके तिथेच चिकटलेले असतात हे शरीररचनेच्या पुस्तकात वाचत असूनही त्याचा संबंध माझ्या मुठीशी आहे हे मला सुचले नाही. नोंगांनी माझी मूठ दोन बोटांनी उघडली, काठी माझ्या तळव्यावर नुसती ठेवली आणि ‘हिनाय-हिनाय’ म्हणजे ‘हळूहळू’ असे म्हणून पुढचा आठवडाभर मला कासवाच्या गतीने फटके मारायला लावले. ठणका त्या आठवड्यातच ओसरला.

फटक्यांना क्रमांक असतात. निरनिराळ्या परंपरांत ते थोडे वेगवेगळे मोजले जातात, परंतु बहुतेक ठिकाणी शिकवणीचा पाया बारा फटक्यांचा असतो. पहिले दोन डोक्याच्या दोन बाजूंना, पुढचे दोन दंड किंवा बरगड्यांच्या उंचीवर, मग पोटात आणि छातीच्या दोन्ही बाजूंना खुपसण्याचे, नंतर गुडघ्यांचे, डोळ्यांचे आणि शेवटी थेट टाळूवरचा, अशा क्रमाने रेमी प्रेसास यांच्या ‘मॉडर्न आर्निस’ या पद्धतीत ते शिकवले जातात. नवशिका ही यादी पाठ करतो आणि क्रमांक म्हणजे शरीरावरची जागा असे धरून चालतो. मीही तसेच धरले होते. एकदा नोंगांनी मला त्यांच्यावर पहिल्या क्रमांकाचा फटका मारायला सांगितला, स्वतः एक पाऊल मागे सरून माझ्यावर तोच पहिला क्रमांक टाकला आणि त्यांची काठी माझ्या कानशिलाऐवजी माझ्या मनगटाजवळ येऊन केसभर अंतरावर थांबली. क्रमांक वाटेचा असतो. त्या वाटेत अंतराप्रमाणे जे येईल ते लक्ष्य. जवळ असाल तर डोके येईल आणि लांब असाल तर शस्त्र धरलेला हात येईल. हात निकामी झाला की शस्त्र खाली पडते, आणि याला तिथे सापाचे दात काढणे म्हणतात.

आता काठीच्या माघारीचा मुद्दा. पहिला फटका उजव्या खांद्यावरून निघतो आणि लक्ष्य ओलांडून डाव्या कमरेपाशी किंवा डाव्या खांद्यापाशी संपतो. दुसरा फटका तिथूनच निघतो. पहिला अर्धवट छातीसमोर थांबवला, तर दुसरा मारण्यासाठी काठी आधी मागे न्यावी लागते, आणि तेवढ्या वेळात समोरच्याला दोन फटके मारता येतात. फटका लागला की आपले लक्ष तिथेच अडकते, कारण आवाज तिथे झालेला असतो. हात मात्र अजून अर्ध्या वाटेवर असतो आणि तो कुठे जाऊन विसावेल यावरच पुढची चाल ठरते. नोंग मला ‘बालिक’ म्हणत तेव्हा मी पहिला फटका मारून काठी समोर तशीच धरून उभी असे. ते सांगत होते की काठी घरी आण. मी समजत होते की फटका पुन्हा मारायचा आहे.

ही गोष्ट मला स्वच्छ उमगली ती सिनावालीत. फिलिपिन्समधल्या जुन्या पद्धतीच्या घरांच्या भिंती चिरलेल्या बांबूच्या विणलेल्या चटयांच्या असतात, त्या चटईला ‘सावाली’ म्हणतात आणि सिनावाली म्हणजे तशी विणलेली. आपल्या बुरुडांकडच्या तट्ट्या ज्यांनी विणताना पाहिल्या आहेत, त्यांना हे नाव लगेच पटेल: एक कामटी वरून जाते, दुसरी खालून, आणि पहिली आपल्या जागी बसल्याशिवाय दुसरीला वाट मिळत नाही. दोन हातांत दोन काठ्या घेऊन समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन माणसांनी हीच वीण हवेत घालायची असते.

साधी सिनावाली चार ठोक्यांची आहे. उजव्या हाताने वरच्या उंचीवर सुलटा, म्हणजे त्या हाताच्याच बाजूने निघणारा फटका, त्याच हाताने गुडघ्याच्या उंचीवर उलटा, म्हणजे दुसऱ्या बाजूने निघणारा फटका, मग हेच दोन्ही डाव्या हाताने. समोरचा जोडीदार तेच करत असल्याने काठ्या मध्यभागी एकमेकींना भिडतात. हिच्यात उजवा हात दोन-तीन दिवसांत तयार होतो आणि डावा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. ते डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. तीन ठोके स्वच्छ वाजतात आणि चौथा किंचित मागाहून, दबका येतो. नोंग बाकावर पाठमोरे बसलेले असत आणि तरीही कोणाचा डावा हात कच्चा आहे हे अचूक सांगत. त्यांनी मला तीन आठवडे प्रत्येक आवर्तन डाव्या हातापासून सुरू करायला लावले. उजव्याने आधी दाखवलेली वाट डावा हात मागून गिरवतो, तेव्हा तो फक्त नक्कल करत असतो. स्वतः वाट काढायची वेळ आली की त्यालाही खांदा, कंबर आणि पाऊल वापरावे लागते. तसे झाल्यावर चौथा ठोका आपोआप मोठा झाला.

खरी परीक्षा सहा ठोक्यांची. या पॅटर्नची रचना मी सावकाश लिहिते, कारण तिच्यातच सगळे आहे. सुरुवातीला उजवी काठी उजव्या खांद्यावर आणि डावी काठी उजव्या काखेखाली असते. ‘उसा’, म्हणजे ‘एक’, म्हटले की उजवा हात सुलटा फटका मारतो आणि डाव्या खांद्याकडे निघून जातो. ‘दुहा’ला डावी काठी काखेखालून उलटी येते, भिडते आणि डाव्या खांद्यावर जाऊन बसते. ‘तुलो’ला उजवी काठी डावीकडून उलटी येते, भिडते, आणि इथे स्वाभाविकपणे ती उजवीकडे पुढे निघून जायला बघते. तिला जाऊ द्यायचे नसते. भिडल्यावर जो उसळा मिळतो त्याच उसळ्यावर ती मागे आणून डाव्या काखेखाली ठेवायची असते. तसे केले की आपण सुरुवातीच्या पवित्र्याच्या बरोबर आरशातल्या पवित्र्यात येतो, डावी काठी डाव्या खांद्यावर आणि उजवी काठी डाव्या काखेखाली, आणि ‘उपात, लिमा, उनोम’ हे पुढचे तीन ठोके डाव्या हाताकडून सुरू होऊ शकतात. तिसऱ्या ठोक्याची काठी माघारी आली नाही तर चौथा ठोका जन्मालाच येत नाही.

माझी तिसरी काठी कित्येक दिवस माघारी येत नव्हती. मी ती उजवीकडे सोडून देत असे, मग घाईने डावीकडे ओढत असे आणि तोवर जोडीदाराचा चौथा फटका निघालेला असे. एका सकाळी त्या गोंधळात माझी काठी जोडीदार मुलीच्या काठीऐवजी तिच्या तर्जनीच्या पेरावर बसली. ती काही बोलली नाही, तिने बोट तोंडात धरले आणि डोळे मिटून उभी राहिली. हाड मोडले नव्हते, पण ते बोट सुजून जवळजवळ काळे पडले आणि पुढचे दहा दिवस तिला लिहिताना त्रास झाला. मला त्याचे मनापासून वाईट वाटले. नोंग उठून आले, त्यांनी माझी उजवी काठी काढून घेतली, तो रिकामा हात धरून डाव्या काखेखाली ठेवला आणि म्हणाले, ‘बालिक, दाय. बालिक.’ त्या वेळी पुन्हा करायला माझ्या हातात काठीच नव्हती, आणि म्हणून त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला प्रथमच ऐकू आला.

त्या दिवसापासून फटका मोजण्याऐवजी मी काठीचे मुक्काम मोजू लागले: खांदा, काख, खांदा. माझा वेग वाढला, तोही मी त्यासाठी वेगळे काही न करता. याच सहा ठोक्यांचे सगळे फटके वरच्या उंचीवर मारता येतात, किंवा वर-खाली-वर असे मारता येतात, किंवा सगळेच खाली. उंची बदलली तरी मुक्काम बदलत नाहीत. जोडीदाराच्या काठीकडे पाहायचे नसते, कारण काठीचे टोक डोळ्यांना सापडतच नाही. नजर समोरच्याच्या छातीवर ठेवली तर दोन्ही खांदे दिसतात आणि कोणता हात निघणार हे खांदा आधी सांगतो.

सिनावालीला नावे ठेवणारे लोकही पुष्कळ भेटतात. हा काठ्यांचा नाच आहे, कोणी शत्रू तुमच्याशी ठरवून सहा ठोके वाजवायला येत नाही, असा त्यांचा आक्षेप असतो. त्यातले दुसरे वाक्य खरेच आहे. दोघांना आधीपासून माहीत असलेला क्रम म्हणजे लढाई नव्हे, आणि केवळ सिनावाली वेगाने वाजवता येते म्हणून स्वतःला लढवय्या समजणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तरीही माझे मत या आक्षेपाच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण नोंगांनी काठी काढून घेतल्यानंतर जे दाखवले त्यात आहे. त्यांनी मला एका हातात काठी आणि दुसरा रिकामा अशीच सिनावाली घालायला लावली. ज्या ठिकाणी काखेखालची काठी यायची, त्या ठिकाणी आता रिकामा तळवा आला आणि तो जोडीदाराचे मनगट बाजूला सारत होता. मग त्यांनी दुसरीही काठी काढून घेतली आणि तोच क्रम थोपवणे, सारणे आणि मारणे असा दोन्ही रिकाम्या हातांनी चालू राहिला. एकदा घातलेली वाट तलवारीला, काठीला आणि तळव्याला सारखीच उपयोगी पडते. म्हणूनच या विद्येत शस्त्र आधी शिकवतात आणि रिकामा हात नंतर. काठी न धरलेल्या हाताला तिथे जागता हात म्हणतात, आणि त्याला जागे करण्याचे काम सिनावालीइतके दुसरे कशानेही होत नाही, अशी माझी खात्री आहे.

काठीवर काठी मारण्याच्या पद्धतीबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या शिकवणीत सरावातसुद्धा हातावरच मारत, आणि त्यामुळे बरेच जण बोटे सुजवून घेऊन पहिल्याच महिन्यात सोडून जात. काठीचा नेम काठीवर धरायला लावणारा सराव रेमी प्रेसास यांनी रुजवला आणि त्यामुळे आर्निस शाळांच्या मैदानावर जाऊ शकले. कडव्या परंपरेतल्या काहींना हा मवाळपणा वाटतो. मी मात्र प्रशिक्षणाच्या काळात रुग्णालयात कोपराखालच्या आतल्या हाडाचे, म्हणजे अल्नाचे, अस्थिभंग पाहिले आहेत. वरून येणारा दंडुका अडवायला हात आडवा घातला की मोडणारे हाड नेमके तेच असते. शिकताना ते मोडून घेण्यात कोणतेच शौर्य नाही.

सिनावालीनंतर आम्हाला रेदोंदा आणि आबानिको शिकवले गेले. रेदोंदात दोन्ही काठ्या वर्तुळाकार फिरत वरून एकामागून एक पडतात. आबानिको म्हणजे हातपंखा, आणि त्यात मनगटाच्या झटक्याने काठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखी हलते. दोन्ही देखणे आहेत आणि मला ते तुलनेने लवकर जमले, कारण तोपर्यंत काठीला घरी यायची सवय लागली होती.

शिक्षण संपवून मी कोल्हापूरला परत आले तेव्हा सामानात दोन जोड्या वेताच्या काठ्या होत्या. इथे लहानपणापासून मर्दानी खेळ पाहिलेले आहेत, त्यामुळे गच्चीवर काठी फिरवणारी बाई शेजाऱ्यांना नवल वाटली नाही. शेजारचे काका, जे तरुणपणी तालमीत लाठी फिरवत, एकदा मुद्दाम वर येऊन बसले. त्यांची लाठी माणसाच्या उंचीची आणि दोन्ही हातांत धरायची, त्यामुळे दोन हातांनी दोन वेगळी कामे करण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. पण पाच मिनिटे पाहिल्यावर ते म्हणाले, ‘तुझी काठी कुठे थांबत नाही, हे बरं आहे.’ नोंगांनी अशी शाबासकी मला कधी दिली नव्हती.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी अकरा वर्षांची भाची माझ्याकडे राहायला होती. तिला जुनी जोडी दिली, जिची टोके पिंजल्यामुळे मी काळ्या चिकटपट्टीने गुंडाळली आहेत. चार ठोके तिला दोन दिवसांत आले. सहा ठोक्यांत तिची तिसरी काठी उजवीकडे निघून जायची. मी ‘परत’ म्हणाले. ‘बरं, मावशी’, म्हणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिसरी काठी पुन्हा उजवीकडे गेली. मी पुन्हा ‘परत’ म्हणाले आणि ती पुन्हा पहिल्यावर आली. असे आठ-दहा वेळा झाल्यावर मी तिच्या उजव्या हातातली काठी काढून घेतली आणि तिची रिकामी मूठ तिच्या डाव्या काखेखाली ठेवली. तिने मुठीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काठीसाठी दुसरा हात पुढे केला.